कातीवरून साप ओळखायचा कसा: खवले मोजण्याची पक्की रीत

सोसायटीच्या मीटर रूममध्ये कात सापडली की पाच मिनिटांत तिचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. निम्मे लोक ‘नाग’ म्हणतात, निम्मे ‘धामण’. दोघांचाही आधार रंग आणि लांबी, आणि कातीत नेमक्या याच दोन गोष्टी फसव्या असतात. कातीत रंगाची नुसती सावली उरते आणि कात ताणली जात असल्याने ती सापापेक्षा लांब भरते, कधी पाचव्या हिश्शानेही. खवल्यांची संख्या मात्र बदलत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना अंगावर खवल्यांच्या जितक्या ओळी असतात, तितक्याच म्हातारपणीही राहतात.

जगातल्या दुर्मिळ सापांची ओळख याच मोजणीवर टिकून आहे. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातल्या अटलांटिक जंगलात क्रोपानीचा बोआ राहतो. मिराकातू भागातल्या सापावरून १९५३ साली आल्फोन्स होगे यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे सहा दशकं शास्त्रज्ञांच्या हाती आले ते मेलेले नमुने, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जानेवारी २०१७ मध्ये सेते बार्रास इथल्या गावकऱ्यांनी एक जिवंत मादी जपून आणून दिली. हा साप कसा दिसतो आणि तो मारू नका, हे संशोधकांनी गावात जाऊन आधीच सांगून ठेवलं होतं. या बोआच्या अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या २९ ते ३२ ओळी असतात. त्याच्या जवळच्या नात्यातल्या अ‍ॅमेझॉन ट्री बोआला त्या पन्नास-साठच्या घरात असतात. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो. साओ पावलोच्या बुटांटान संस्थेतला सापांचा मोठा संग्रह तर मे २०१० मध्ये आगीत गेला. नमुना जळाला तरी त्याचे छापलेले आकडे वाचतात, आणि पुढचा साप त्या आकड्यांशी ताडून बघता येतो.

तीच रीत मुंबईतल्या कातीला लावायची. महागडं सामान लागत नाही, सवड आणि चिकाटी लागते.

आधी कात उचलण्याबद्दल

हे सगळं फक्त कातीसाठी आहे. जिवंत सापाचे खवले मोजायला जवळ जायचं नाही, मेलेला वाटणारा साप हातात घ्यायचा नाही. कात ओलसर, लवचिक आणि न चुरगळणारी असेल तर ती ताजी आहे आणि साप आसपास असू शकतो. अशा वेळी विटांच्या फटीत, पाइपच्या डक्टमध्ये किंवा पंप हाऊसच्या कोपऱ्यात हात न घालता लांब काठीने कात ओढून घ्या. साप दिसलाच तर नजर ठेवायला एक माणूस लांब उभा करा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवा.

उचलण्यापूर्वी कात पडली आहे तशीच तिचे फोटो काढा. साप ओठांपासून कात सोलत पुढे सरकतो आणि ती पायातून काढलेल्या मोज्यासारखी उलटी होत जाते. त्यामुळे कातीचं तोंड जिथून सुरुवात झाली तिथे राहतं आणि शेपटीचं टोक साप गेला त्या दिशेला असतं. कात एकदा हलवली की ही माहिती गेली, म्हणून फोटोत भिंत, दार किंवा भोक असं ओळखीचं काहीतरी येऊ द्या.

सापाची कात सहसा एकसंध नळी असते. तुकड्यांत सुटलेली आणि पायांच्या जागी भोकं असलेली कात पालीची, सापसुरळीची किंवा घोरपडीची. तिथे मोजणीची गरजच नाही.

सामान आणि तयारी

पसरट ट्रे, कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, काळा कार्डपेपर, त्यावर ठेवायला काचेचा तुकडा किंवा पारदर्शक प्लास्टिक, बारीक टोकाची कात्री, दोन टूथपिक, मार्कर पेन, मोजपट्टी आणि टॉर्च. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भागतं. हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून स्वयंपाकघरातला ओटा आणि तिथली भांडी या कामाला नकोत.

सुकलेली कात कोरडीच उलगडायला गेलात तर डोक्याचा भाग हमखास फाटतो, आणि सगळ्यात जास्त माहिती तिथेच असते. म्हणून आधी १५ ते २० मिनिटं पाण्यात भिजू द्या. फार चुरगळलेली असेल तर तासभरही चालेल. मग पाण्यातच हलक्या हाताने उलगडा. गरम पाणी वापरू नका, कात आकसते. पावसाळ्यात मिळालेल्या कातीवर बुरशी आणि मुंग्यांनी कुरतडल्याच्या खुणा असतात. ती जास्त वेळ भिजवली तर विरघळल्यासारखी सुटते, तिला पाच मिनिटं पुरे.

उलगडलेली कात काळ्या कागदावरच्या काचेवर पोट वर करून पसरा. प्रकाश थेट वरून पडला तर सगळं चकाकतं आणि काहीच दिसत नाही. टॉर्च बाजूने, अगदी तिरपी धरा. खवल्यांच्या कडा लगेच उठून दिसतात. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. ती नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

पोटाचे खवले

पोटावर आडवे, रुंद खवले एकामागून एक असतात. मोजणी गळ्याकडून सुरू होते, पण पहिला कुठला धरायचा यावर दोन माणसांचे आकडे सहज चारपाचने वेगळे येतात. सर्पतज्ज्ञ डाउलिंग यांनी १९५१ मध्ये सुचवलेला नियम वापरा: ज्या खवल्याच्या दोन्ही बाजूंना पाठीच्या खवल्यांची पहिली ओळ टेकते, तो पहिला. त्याच्या पुढचे हनुवटीखालचे छोटे खवले मोजायचे नाहीत. गुदद्वारावरचा खवला आला की थांबायचं, तोही यात धरायचा नाही.

दर दहाव्या खवल्यावर मार्करचा ठिपका द्या. दोनदा मोजा, दुसऱ्यांदा शेपटीकडून गळ्याकडे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजा, सरासरी काढू नका.

इथे नवशिके जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी चुकतात. सापाच्या अंगावर खवल्यांच्या मधली कातडी घडीत दडलेली असते. कात ताणली की ती घडी उलगडते आणि दोन खवल्यांमध्ये पातळ, फिकट पट्टी दिसते. ती पट्टीही खवला म्हणून मोजली जाते आणि संख्या जवळपास दुप्पट होते. मुंबईतल्या जमिनीवरच्या सापाचा आकडा तीनशेच्या पुढे गेला तर पट्ट्या मोजल्या असं समजा. खवला जाडसर आणि चमकदार असतो, पट्टी पातळ आणि सुरकुतलेली.

गुदद्वारावरचा खवला आणि शेपटी

वेळ कमी असेल तर आधी हाच एक खवला बघा. तो अखंड आहे की तिरक्या रेषेने दुभागलेला? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांत तो अखंड असतो. धामण, कवड्या आणि पाणदिवड यांच्यात दुभागलेला. म्हणजे तो स्पष्टपणे दुभागलेला दिसला तर कात या चौघांपैकी कुणाची नाही. याचं उलट मात्र खरं नाही: अखंड आहे म्हणून विषारी, असं म्हणता येत नाही. तस्कर, मांजऱ्या, अजगर, मांडूळ या निरुपद्रवी सापांतही तो अखंडच असतो. आणि पोवळा हा बारीक, क्वचित दिसणारा विषारी साप या नियमात बसवू नका. त्याची खूण म्हणजे अंगाभोवती फक्त १३ ओळी.

कात ओढताना हा भाग बऱ्याचदा फाटतो आणि फाटल्याची रेघ दुभागल्यासारखी दिसते. खरी रेषा कडेला गुळगुळीत असते आणि दोन्ही अर्धे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. फाटलेली कड दातेरी असते. शंका असेल तर ‘अस्पष्ट’ लिहा.

त्यामागे शेपटीखालचे खवले. ते एकेरी आहेत की जोडीने, हे आधी लिहा. जोडीने असतील तर एकाच बाजूचे मोजा. अगदी टोकाचा काट्यासारखा खवला धरायचा नाही. शेपूट तुटलेली असेल तर मिळालेल्या आकड्यापुढे अधिक चिन्ह द्या, उदाहरणार्थ ६४+. धामणीची शेपटी बऱ्याचदा तुटलेली असते आणि ते चिन्ह न दिल्यामुळे आखूड शेपटीचा नाग समजला जातो.

अंगाभोवतीच्या ओळी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि थोडं सरावाचं. पोटाचे खवले आणि गुदखवला बघून झाल्यावरच कात्री घ्या. कातीच्या मध्यावर चार बोटं लांबीचा तुकडा पोटाच्या मधोमध उभा कापा आणि पुस्तकासारखा सपाट पसरू द्या. पाठ अखंड राहते, पोटाचे अर्धे-अर्धे खवले दोन्ही कडांना येतात.

आता मोजायचं. पाठीचे खवले विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक सरकलेले असतात, त्यामुळे सरळ आडव्या रेषेत मोजलं की ओळी सुटतात. तिरकं मोजा. पोटाच्या खवल्याला टेकलेला खवला ‘एक’. तिथून टूथपिक तिरकी पुढे सरकवत प्रत्येक पायरीला शेजारच्या ओळीत जा. पाठीच्या कण्यावरच्या ओळीपर्यंत पोचलात की वळा आणि दुसऱ्या बाजूने तसंच तिरकं खाली या. समोरच्या पोटाच्या खवल्याला टेकलेला खवला शेवटचा. कण्यावरचा खवला एकदाच मोजायचा.

असं तीन ठिकाणी करतात: डोक्यामागे डोक्याच्या लांबीइतक्या अंतरावर, अंगाच्या मध्यावर, आणि गुदद्वाराच्या आधी तितक्याच अंतरावर. मध्य पट्टीने काढण्यापेक्षा पोटाच्या खवल्यांवरून काढलेला बरा. २०० असतील तर शंभरावा खवला हा मध्य. लांबी ताणली जाते, संख्या नाही.

कण्यावर एकच ओळ असल्यामुळे एकूण आकडा बहुधा विषम येतो. सम आला तर आधी पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही सम आला आणि जागा अंगाच्या मागच्या टोकाची असेल, तर धामणीचा विचार करा. तिच्या मध्यावर १७ ओळी असतात आणि मागे १४ उरतात.

कण्यावरच्या ओळीकडे वेगळं लक्ष द्या. बाकीच्यांपेक्षा मोठे, षटकोनी खवले असतील तर ती मण्यारीची मोठी खूण आहे. झाडावरच्या रुक्याच्या कण्यावरही मोठे खवले असतात, पण त्याची शेपटी लांब असते, तिच्याखाली खवल्यांच्या जोड्या असतात आणि गुदखवला दुभागलेला असतो. खवल्यांवर मधोमध उभी धार आहे का, तेही बघा. उलट्या झालेल्या कातीत खरी बाहेरची बाजू आत असते, म्हणून कापलेला तुकडा पालथा करून तिरप्या उजेडात बघा आणि बोटाने शेपटीकडून डोक्याकडे हलकेच चाचपा. घोणस, फुरसे, पाणदिवड यांची कात खरखरीत लागते. नाग, मण्यार, कवड्या यांची गुळगुळीत.

डोकं

डोक्याची कात शाबूत असेल तर नशीब समजा. डोळ्यावरची पारदर्शक काच कातीसोबत निघते, ती दोन्ही बाजूंना दिसायला हवी. मग बघा, डोक्यावर मोठे, जोडलेले खवले आहेत की बारीक खवल्यांची गर्दी? बारीक खवले घोणस आणि फुरशाचे, पण अजगराचं आणि डुरक्या घोणशीचं डोकंही बरंचसं बारीक खवल्यांचं असतं.

मोठे खवले असतील तर नाकपुडी आणि डोळा यांच्या मधला भाग तपासा. नाकपुडीचा खवला आणि डोळ्यापुढचा खवला यांच्यात आणखी एक छोटा खवला बसला असेल तर तो नाग नाही आणि मण्यारही नाही. त्या कुळात तो नसतोच. धामणीला तिथे एक सोडून बहुधा तीन असतात. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला मोठा असतो, तो डोळ्यालाही टेकतो आणि नाकपुडीच्या खवल्यालाही. खालच्या ओठावर चौथ्या आणि पाचव्या खवल्यांच्या मध्ये एक बारीकसा, पाचरीच्या आकाराचा खवलाही सापडतो.

आकडे हाती आल्यावर

मुंबईत खरा गोंधळ ठरावीक जोड्यांचा होतो, म्हणून त्याच जोड्यांनी बघू.

धामण की नाग: मध्यावर १७ ओळी, शेपटीखाली शंभराहून जास्त जोड्या आणि दुभागलेला गुदखवला म्हणजे धामण. मध्यावर २१ ते २३, शेपटीखाली पन्नास ते पंचाहत्तरच्या आसपास, गुदखवला अखंड म्हणजे नाग. पूर्ण वाढलेल्या धामणीची आणि नागाची कात ढिगाऱ्यात सारखीच दिसते, इथे मोजणी एका मिनिटात निकाल लावते.

कवड्या की मण्यार: ही चूक जिवावर बेतू शकते. कवड्याला १७ ओळी, मण्यारीला १५ किंवा १७, म्हणजे नुसत्या ओळींवर विसंबू नका. शेपटीखाली बघा. मण्यारीचे खवले एकेरी, कवड्याचे जोडीने. त्यात कण्यावरची षटकोनी ओळ आणि गुदखवला मिळवला की शंका उरत नाही. कात मण्यारीची निघाली तर त्या मजल्यावर कुणीही जमिनीवर झोपू नये. ती रात्री फिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही.

डुरक्या घोणस की घोणस: घोणशीला २७ ते ३३ खरखरीत ओळी, पोटाचे खवले रुंद, शेपटीखाली जोड्या. डुरक्या घोणशीला चाळीसच्या वर ओळी, पोटाचे खवले अरुंद, शेपूट अगदी आखूड आणि तिच्याखाली एकेरी खवले.

मांजऱ्या की फुरसे: मांजऱ्याला साधारण २१ गुळगुळीत ओळी आणि शेपटीखाली जोड्या. फुरशाला २५ किंवा त्याहून जास्त, कुशीचे खवले तिरके आणि करवतीसारखी धार असलेले, शेपटीखाली एकेरी.

पाणदिवडीला १९ खरखरीत ओळी. तस्कराला २३ ते २७ ओळी. अजगराला साठच्या वर, चूक व्हायचं कारण नाही. बाथरूमच्या जाळीतून येणाऱ्या वाळ्याच्या अंगाभोवती सगळीकडे सारखेच खवले असतात, एकूण २० ओळी, पोटाचे रुंद खवले नाहीतच. त्याला गांडूळ समजून लोक मीठ टाकतात. तसं करू नका, तो अगदी निरुपद्रवी आहे.

आता परत क्रोपानीच्या बोआकडे बघा: २९ ते ३२ ओळी. घोणशीचा आकडाही त्यातच येतो. ब्राझीलमधल्या एका झाडावरच्या बिनविषारी सापाचा आणि आपल्या घोणशीचा एक आकडा जुळतो, म्हणून एका आकड्यावर जात ठरवायची नाही. ओळी, धार, पोट, शेपूट आणि गुदखवला या पाचांपैकी किमान तीन जुळले पाहिजेत.

मात्र जवळच्या नात्यातल्या जाती वेगळ्या करायला कधी एक आकडाही पुरतो. दक्षिण अमेरिकेत अ‍ॅट्रॅक्टस नावाचे लहान, जमिनीत राहणारे साप आहेत. त्यांच्या जाती शंभराहून कितीतरी जास्त, त्यातल्या काही एकाच नमुन्यावरून माहीत आहेत. त्यांची पहिली विभागणी होते ती मध्यावर १५ ओळी की १७, यावरून. तोच प्रश्न आपल्या खापरखवल्यांना विचारता येतो. पावसाळ्यात डोंगरउताराच्या ओल्या मातीत दिसणारे हे साप, शेपटी तिरकी छाटल्यासारखी, पोटाचे खवले जेमतेम रुंद. मध्यावर १७ ओळी असतील तर फिप्सनचा खापरखवल्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) सचिव राहिलेल्या एच. एम. फिप्सन यांचं नाव त्याला १८८८ मध्ये मिळालं. १५ ओळी असतील तर मोठ्या खवल्यांचा खापरखवल्या. संजय गांधी उद्यानाच्या पायवाटांवर हे सहसा चिरडलेलेच दिसतात. असा फोटो मिळाला तर खवले मोजता येतील इतक्या जवळून आणि नीट उजेडात घ्या.

नोंद

एका ओळीत लिहा: तारीख, जागा, मग आकडे. ‘१७:१७:१४, पोट २०१, शेपटी ११८ जोड्या, गुदखवला दुभागलेला, धार पाठीवर पुसट.’ एवढं वाचून कुठलाही जाणकार फोटो न बघता धामण म्हणेल. ओळख पटली नसेल तर जातीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, पण आकडे पूर्ण लिहा. चुकीचं नाव लिहिलेली नोंद पुढे दुरुस्त करता येते, आकडे नसलेली नोंद कुणालाच वापरता येत नाही.

फोटो सहा लागतात: पूर्ण कात, डोक्याची वरची बाजू, डोक्याची कूस, मध्यावरचा पसरलेला तुकडा, गुदखवला, शेपटीची खालची बाजू. हेच फोटो सर्पमित्राला पाठवा. एकाच धूसर फोटोवर कुणी ठाम नाव सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

काम झालं की कात जिथून आणली तिथे झुडपात ठेवून द्या किंवा वनविभागाला विचारा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार साप पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे. कात हाही वन्यप्राण्याचाच अवशेष, तिचा साठा करू नका आणि विकू तर मुळीच नका.

आणि कुणाला दंश झाला असेल तर कात शोधत बसू नका, मोजू नका, साप मारून सोबत नेऊ नका. दंश झालेला अवयव न हलवता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालतं आणि डॉक्टर ते लक्षणं बघून देतात. कातीच्या आकड्यांसाठी थांबायची त्यांना गरज नसते.